सोलापूर ते जैसलमेर: पोचायचं कसं, फिरायचं कसं आणि पैसे नेमके कुठं जातात

सोलापूरच्या माणसाला वाळवंट बघायला जायचं म्हटलं की पहिला प्रश्न असतो गाडी कुठली आणि दुसरा तिकडं ऊन किती. दुसऱ्या प्रश्नाला आपल्याकडं कुणी फारशी किंमत देत नाही, कारण चाळीसच्या वरचा पारा बघतच आपण मोठे झालोय आणि "आमच्या सोलापूरपेक्षा काय जास्त असणार" हे वाक्य प्रत्येक घरात तयार असतं. पण जैसलमेरला सीझनमधे जाणाऱ्याला ऊन नाही, थंडी नडते. त्यावर नंतर येतो, आधी गाडी.

जैसलमेर राजस्थानच्या पार पश्चिम टोकाला, पाकिस्तानच्या सीमेकडं, प्रवासी गाड्या तिथं जाऊन थांबतात, पुढं जात नाहीत. आपण मुंबई-चेन्नई लाइनवर असल्यामुळं पुण्या-मुंबईकडं गाड्यांना तोटा नाही, पण मारवाडकडं रोजची थेट गाडी सोलापुरातून नाही. मधेमधे स्पेशल गाड्या लागतात आणि बंद होतात, त्यांच्या भरवशावर प्लॅन करू नये. लोकांची गडबड इथंच होते, ते मोबाइलवर सोलापूर ते जैसलमेर असं टाकतात, काही येत नाही, मग ट्रॅव्हल एजंटकडं जातात आणि तो सगळं पॅकेजच गळ्यात घालतो. त्यापेक्षा जैसलमेरचं तिकीट शोधायचंच नाही, जोधपूरचं शोधायचं. जोधपूर मोठं जंक्शन आहे, विमानतळ आहे, आणि तिथून जैसलमेर रेल्वेनं साधारण 300 किलोमीटर, पाच-सहा तास. म्हणजे प्रवासाचे तीन तुकडे पडतात, सोलापूर ते पुणे किंवा मुंबई, तिथून जोधपूर, जोधपूरहून जैसलमेर.

पुण्याचा रस्ता आता सोपा झालाय. मे 2025 पासून पुण्यातल्या हडपसर स्टेशनवरून जोधपूरला रोजची गाडी सुटते, संध्याकाळी बसलं की दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर जोधपूर. सोलापूरकरांना ही गाडी जरा जास्तच सोयीची आहे, कारण आपण पुण्याला रस्त्यानं गेलो तरी हडपसर आधी लागतं, स्वारगेटपर्यंत जाऊन परत मागं यायची भानगड नाही. एसटीनं हडपसर गाडीतळाला उतरायचं आणि रिक्षा करायची. फक्त हे डोक्यात ठेवा की हडपसर स्टेशन काही गाडीतळाच्या शेजारी नाही, आणि संध्याकाळी त्या भागातला ट्रॅफिक म्हणजे विचारू नका, तेव्हा दोन-अडीच तास हाताशी ठेवूनच निघा. गाडीची वेळ बदलत असते, तिकीट काढताना बघून घ्या.

मुंबईवरून जायचं तर वांद्रे टर्मिनसहून सूर्यनगरी एक्स्प्रेस रोज जोधपूरला जाते, आणि आठवड्यातून एकदा वांद्र्याहूनच थेट जैसलमेरचीही गाडी आहे. थेट गाडीचा दिवस आपल्या सुट्टीत बसला तर सोन्याहून पिवळं, पण बहुतेक वेळा बसत नाही. आणि मुंबईत पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी एक सांगून ठेवतो, वांद्रे लोकल स्टेशन वेगळं आणि वांद्रे टर्मिनस वेगळं. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं किंवा वंदे भारतनं मुंबई गाठून, दादरला लोकल बदलून, बॅगा घेऊन वांद्र्याला उतरलेली आपली माणसं तिथं उभी राहून "राजस्थानची गाडी कुठल्या प्लॅटफॉर्मला" असं विचारत असतात आणि गाडी तिकडं पलीकडं टर्मिनसला उभी असते. म्हातारी माणसं, लहान पोरं, जड बॅगा असं सगळं असेल तर सरळ टॅक्सी करून टर्मिनसलाच जावं.

आता दोन वेगवेगळ्या गाड्या म्हटलं की पोटात गोळा येतो, पहिली लेट झाली तर दुसरी सुटणार. यावर रेल्वेनंच 2019 पासून एक सोय केलीय जी फार जणांना माहितीच नाही, ती म्हणजे दोन्ही पीएनआर एकमेकांना लिंक करायचे. दोन्ही तिकिटांवरची माणसं तीच पाहिजेत आणि पहिली गाडी जिथं सोडते ते स्टेशन आणि दुसरी जिथून पकडायची ते स्टेशन जुळलं पाहिजे. मग पहिली गाडी उशिरा पोचल्यामुळं दुसरी चुकली तर न केलेल्या प्रवासाचे पैसे नियमाप्रमाणं परत मागता येतात. जागा मिळत नाही हं, पैसे मिळतात. बुकिंग 60 दिवस आधी उघडतं, पूर्वीचे 120 दिवस विसरा, आणि दिवाळी-नाताळच्या तारखा असतील तर पहिल्याच दिवशी सकाळी मोबाइल घेऊन बसा, कारण या गाड्यांना नुसते टुरिस्ट नसतात, पुण्या-मुंबईत दुकानं असलेली सगळी मारवाडी मंडळी त्याच वेळी गावाकडं निघालेली असतात.

जोधपूरला दुपारी-संध्याकाळी पोचलात आणि पुढची गाडी रात्रीची असेल तर मधले तास वाया जात नाहीत. स्टेशनच्या क्लोकरूमला बॅगा टाकायच्या, घंटाघराच्या बाजारात जायचं, मिरची बडा आणि माखनिया लस्सी घ्यायची. तो मिरची बडा आपल्या मिरची भज्याचा थोरला भाऊ आहे, आत बटाटा भरलेला असतो, आणि दोन खाल्ले की जेवण लागत नाही. मेहरानगडाला मात्र घाईत जाऊ नका, त्याला अर्धा दिवस पाहिजे, तो परतीच्या प्रवासात बघा.

जोधपूर ते जैसलमेर रस्त्यानंही जाता येतं, रस्ता सरळसोट आणि चांगला आहे, टॅक्सीला साधारण पाच तास. खासगी स्लीपर बसही भरपूर आहेत. पण बसबद्दल एक सांगायलाच पाहिजे. 14 ऑक्टोबर 2025 ला जैसलमेरहून जोधपूरला निघालेल्या एका खासगी एसी स्लीपर बसनं वाटेत पेट घेतला आणि वीसच्या वर माणसं गेली. त्यामुळं बसनं जायचंच झालं तर चढल्या चढल्या मागचा आपत्कालीन दरवाजा कुठं आहे आणि तो उघडतो का, त्याच्यापुढं कुणी सामान रचलंय का एवढं तरी बघा, लाजू नका. माझं मत विचाराल तर रात्रीची रेल्वे बरी, झोपून जायचं आणि पहाटे उतरायचं.

विमानाचं थोडक्यात. जैसलमेरला विमानतळ आहे, पण तो हवाई दलाच्या तळावरचा आहे आणि थेट विमानं मुख्यतः हिवाळ्याच्या सीझनपुरती असतात, दिल्ली-मुंबई अशा मोठ्या शहरांतून. सोलापुरातून 2025 मधे होटगी रोडवरून मुंबईचं आणि गोव्याचं विमान सुरू झालं खरं, पण त्याला पुढचं जोधपूरचं किंवा जैसलमेरचं विमान जोडून घ्यायचं तर वेळा जुळतात का ते नीट बघावं लागतं, नाहीतर मुंबईत एक रात्र हॉटेलला जाते आणि मग विमानानं वाचवलेला वेळ कुठं गेला कळत नाही.

कधी जायचं? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरमधे दुपारी अजून तापतं आणि मार्चच्या मध्यानंतर परत तापायला लागतं. मे-जूनमधे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा हॉटेलं निम्म्या भावात मिळतात म्हणून कुणी जायला सांगितलं तर ऐकू नका, वाळूवर पाय ठेवता येत नाही. दिवाळीत गुजरातकडून एवढी गर्दी येते की खोल्यांचे भाव आकाशाला भिडतात, आणि 24 डिसेंबर ते 1 जानेवारी तर बघायलाच नको. आपल्या हिशेबानं बघितलं तर जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या दिवसात सोलापूरकराचा पाय घरातून निघत नाही, नंदीध्वजाची मिरवणूक आणि होम मैदान सोडून कोण जाणार, तेव्हा गड्डा झाल्यावर जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा हा सगळ्यात चांगला काळ. माघ पौर्णिमेच्या आधीचे तीन-चार दिवस तिकडं मरु महोत्सव असतो, उंटांचे खेळ, लांबलचक मिशांची आणि पगड्या बांधायची स्पर्धा असलं सगळं, मजा असते पण खोली आधी धरावी लागते.

आता थंडी. आपल्याला वाटतं वाळवंट म्हणजे गरम, पण वाळवंट म्हणजे मुळात कोरडं. हवेत बाष्प नाही, वर ढग नाहीत, त्यामुळं दिवसभर तापलेली वाळू रात्री सगळी उष्णता सरळ आभाळात सोडून देते, तिला धरून ठेवायला काहीच नसतं. वाळू जशी पटकन तापते तशी पटकन थंडही होते. म्हणून दुपारी टीशर्टवर फिरणारा माणूस रात्री नऊला दात वाजवत बसलेला असतो, डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा सात-आठवर येतो, कधी त्याच्याही खाली. टेंटमधे रजई देतात पण ती पुरत नाही, आपली एक चादर बॅगेत टाका, सोलापूरच्या माणसानं चादरीवाचून कुडकुडणं शोभत नाही. स्वेटर, कानटोपी, पायमोजे, आणि ओठांना लावायला काहीतरी, कारण त्या कोरड्या हवेत ओठ दुसऱ्या दिवशीच फुटतात. आणखी एक, तिथं घाम आलेला कळतच नाही, येतो तसा वाळून जातो, त्यामुळं तहान लागायची वाट न बघता पाणी पीत राहायचं. खाण्याचं सामान नेणाऱ्यांना मात्र ही हवा लाभते, कडक भाकरी आणि शेंगा चटणी तिकडं जराही मऊ न पडता टिकते, रेल्वेच्या दोन रात्री आणि वर दोन दिवस सहज जातात.

जैसलमेरला पोचल्यावर फिरायचं कसं हे समजायला एक गोष्ट पक्की करा, वाळू शहरात नाही. फोटो बघून लोकांना वाटतं हॉटेलच्या खिडकीतून टेकड्या दिसतील. शहराच्या आसपास बहुतेक खडकाळ माळ, खुरटी झुडपं आणि आता मैलोन्‌मैल पवनचक्क्या, फोटोतल्या वाळूच्या टेकड्या 40 किलोमीटर लांब, सम नावाच्या गावाला आहेत. त्यामुळं शहर पायी आणि शहराबाहेरचं सगळं गाडीनं, असे सरळ दोन भाग करा. किल्ला, पटवों की हवेली, नथमल की हवेली, गडीसर तलाव, बाजार हे सगळं चालण्याच्या अंतरात आहे, यासाठी दिवसभराची टॅक्सी करणं म्हणजे पैसे पाण्यात, गाडी गल्लीत शिरतच नाही, ड्रायव्हर बाहेर झोपलेला असतो आणि मीटर आपला चालू. स्टेशन ते किल्ला साधारण दोन किलोमीटर, ऑटो गोपा चौकात सोडतो आणि तिथून वरचा चढ पायी.

हा किल्ला आपल्या भुईकोटासारखा सपाटीवर नाही, त्रिकूट टेकडीवर आहे, 1156 मधे रावळ जैसलनं बांधायला घेतलेला, सगळा पिवळ्या दगडाचा, उन्हं कलली की अक्षरशः सोन्याचा रंग येतो. चार दरवाजे एकामागोमाग एक ओलांडत वर जायचं, अखै पोळ, सूरज पोळ, गणेश पोळ, हवा पोळ, आणि वाट मुद्दाम वळणावळणाची केलीय म्हणजे हत्तीला धाव घेऊन दाराला धडक देता येऊ नये. किल्ल्यात आजही हजारो माणसं राहतात, पोरं शाळेला जातात, बाया दारात भाजी निवडत बसलेल्या असतात, त्यामुळं किल्ल्यात शिरायला तिकीट नाही, आतल्या राजवाड्याला आहे. जैन मंदिरं बघायची तर सकाळीच जा, बाहेरच्यांना आत सोडायची वेळ दुपारी संपते, आणि चामड्याचा पट्टा-पाकीट बाहेर ठेवावं लागतं. बाराव्या ते पंधराव्या शतकातलं ते कोरीवकाम बघताना मान दुखते पण बघणं थांबत नाही.

किल्ल्याच्या आत हॉटेलं आहेत आणि ऑनलाइन ती फार मोहक दिसतात, पण मी म्हणेन आत राहू नका, खाली राहा. कारण नुसतं नैतिक वगैरे नाही, समजून घेण्यासारखं आहे. हा किल्ला बांधला तेव्हा पाणी डोक्यावरून वाहून आणायचे, गडीसरमधून, म्हणजे एका घराला दिवसाला किती पाणी लागणार, दोन-चार घागरी. नंतर नळ आले, मग हॉटेलं आली, शॉवर आले, आणि ते सगळं सांडपाणी जुन्या गटारांतून झिरपत टेकडीच्या पोटात जायला लागलं. टेकडी मऊ दगडाची आणि मातीची, ती भिजली की भुसभुशीत होते, वरच्या भिंती खचतात. तटबंदीचे, बुरुजांचे भाग त्यानं ढासळलेत, दुरुस्तीवर मोठा खर्च झालाय, 2013 मधे राजस्थानच्या इतर किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत नाव गेलं तरी पाण्याचा प्रश्न आहेच. शिवाय सामान घेऊन तो चढ चढायचा कोण. खालच्या हॉटेलच्या गच्चीवरून किल्ला अख्खा दिसतो, आत राहिलं की किल्ला सोडून बाकी सगळं दिसतं.

आता मुद्द्याचं, म्हणजे पैशाचं. जैसलमेरमधे खोली एवढी स्वस्त का मिळते हा प्रश्न ज्याला पडतो तो वाचतो. बऱ्याच छोट्या हॉटेलांचा धंदा खोलीवर चालतच नाही, तो सफारीवर चालतो. खोलीचा भाव मुद्दाम पाडून ऑनलाइन वर यायचं, गिऱ्हाईक आत आलं की चहा, रजिस्टर, आधारची झेरॉक्स, आणि मग "सर, सफारी का क्या प्लान है?" तुम्ही म्हणालात की आमची सफारी बाहेरून बुक आहे, की चेहरे बदलतात, गरम पाणी उशिरा येतं, कुणाकुणाला खोली रिकामी करायला सांगितल्याच्याही कहाण्या आहेत. यात हॉटेलवाला चोर आहे असं नाही, त्याचा हिशेबच तसा बसवलेला आहे, सीझन चार महिन्यांचा आणि हॉटेलं ढिगानं. पण आपल्याला तो हिशेब माहिती पाहिजे. म्हणून बुकिंग करायच्या आधी फोन करून सरळ विचारायचं, सफारी तुमच्याकडून घेतली नाही तरी खोली याच भावात आहे ना, आणि हो म्हटलं की तेच व्हॉट्सअॅपवर लिहून घ्यायचं.

स्टेशनवरचा ऑटोवालाही याच साखळीत आहे. तो तुम्हाला ज्या हॉटेलात नेईल तिथून त्याला कमिशन मिळतं, म्हणून तुम्ही सांगितलेलं हॉटेल "बंद झालंय", "लांब आहे", "तिथं काम चालू आहे" अशी उत्तरं पहाटे पाच वाजता ऐकायला मिळतात. हॉटेललाच पिकअपला माणूस पाठवायला सांगायचं आणि त्याचा नंबर घेऊन ठेवायचा, म्हणजे हा विषयच येत नाही.

सफारीची साखळी याहून लांब. पुण्यात किंवा ऑनलाइन बसलेला एजंट, मग जैसलमेरचा एजंट, मग कॅम्पवाला, आणि सगळ्यात शेवटी उंटवाला. प्रत्येक जण मधे काहीतरी काढून घेतो आणि ज्याचा उंट त्याच्या हातात सगळ्यात कमी पडतं. म्हणून कॅम्प जेवढा थेट ठरवाल तेवढं बरं, आणि खुश झालात तर वरचे पैसे उंटवाल्याच्या हातात द्या, काउंटरवर नको.

पॅकेज म्हणजे संध्याकाळचा चहा-नाश्ता, उंटाची फेरी, कालबेलिया नाच आणि गाणी, जेवण, टेंटमधे मुक्काम, सकाळचा नाश्ता. वाचायला भरगच्च वाटतं, पण ठरवताना काही गोष्टी खोदून विचारा. टेंटपासून वाळू किती लांब? कारण समचे बहुतेक कॅम्प रस्त्याच्या कडेला ओळीनं आहेत, वाळूत नाहीत, वाळूपर्यंत उंटानं किंवा जीपनं जायचं. उंट एकाला एक की दोघांत एक? फेरी किती वेळाची? कारण वीस मिनिटांत खाली उतरवणारेही असतात. जीपचे पैसे वेगळे का? डीजे किती वाजेपर्यंत? हा शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, शांत वाळवंटाची स्वप्नं बघत गेलेल्या माणसाला शेजारच्या चार कॅम्पचे चार डीजे एकदम ऐकायला मिळाले की तो आपल्या गणपती मिरवणुकीची आठवण काढतो. शांतता पाहिजे असेल तर समऐवजी खुरीला जा, नैर्ऋत्येला साधारण तेवढ्याच अंतरावर, टेकड्या जरा लहान पण गाव आहे, मातीची घरं आहेत, गर्दी कमी. पोरंटोरं बरोबर असतील आणि त्यांना जीप, नाच, गोंगाट पाहिजे असेल तर सम.

उंटावर बसताना एक लक्षात ठेवा, उंट उठताना आधी मागचे पाय उभे करतो, त्यामुळं बसलेला माणूस एकदम पुढं फेकला जातो आणि नेमका तेव्हाच लोक मोबाइल काढून सेल्फी घेत असतात. बसल्या बसल्या पुढची खुंटी दोन्ही हातांनी घट्ट धरायची आणि अंग मागं टाकायचं. खाली बसताना तो पुढचे गुडघे आधी टेकतो, म्हणजे परत झोक पुढंच जातो, परत मागं रेलायचं. ज्यांचे गुडघे किंवा कंबर दुखते त्या आजी-आजोबांना उंटावर चढवायचा हट्ट करू नका, उंटगाडी मिळते, तिच्यात सतरंजीवर मांडी घालून बसता येतं आणि वाळू तीच दिसते. आणि सूर्योदयासाठी पाचला उठून बसू नका. जैसलमेर आपल्यापेक्षा पाच अंश पश्चिमेला आणि बरंच उत्तरेला आहे, त्यामुळं डिसेंबर-जानेवारीत तिथं सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो, आपल्यापेक्षा अर्धा-पाऊण तास उशिरा. साडेसहाला उठलं तरी चालतं.

समच्या वाटेवर कुलधरा लागतं, शहरापासून 18 किलोमीटर, पालीवाल ब्राह्मणांचं ओस पडलेलं गाव. गाइड लोक भुताच्या आणि दिवाण सालिम सिंहच्या जुलमाच्या गोष्टी रंगवून सांगतात, एका रात्रीत 84 गावं उठून गेली म्हणतात, ऐकायला झकास आहेत. पण अभ्यासक आटत गेलेलं पाणी आणि कराचा बोजा यांच्याकडंही बोट दाखवतात. मला तिथलं भूत नाही, खडीन भारी वाटतं. पावसाचं वाहणारं पाणी उताराला मातीचा लांब बांध घालून अडवायचं, ते जमिनीत मुरू द्यायचं आणि मग त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा घ्यायचा. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर रब्बीची ज्वारी काढणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही, फरक एवढाच की तिथं वर्षाला जेमतेम दीड-दोनशे मिलीमीटर पाऊस.

आणि सोलापूरकरांनी आवर्जून माहिती करून घ्यावी अशी दुसरी गोष्ट म्हणजे माळढोक. नान्नजचं अभयारण्य 1979 चं, आपण शाळेच्या सहलीला जाऊन पक्षी न दिसता परत आलेली पिढी. तोच पक्षी तिकडं गोडावण, राजस्थानचा राज्यपक्षी, आणि देशातले उरलेले बहुतेक माळढोक आता जैसलमेर जिल्ह्यातच आहेत. समजवळच 2019 मधे त्यांचं प्रजनन केंद्र सुरू झालं, तिथं पर्यटकांना सोडत नाहीत, पण डेझर्ट नॅशनल पार्कच्या सुदासरी भागात परवानगी काढून, जिप्सी करून सकाळी लवकर गेलं तर दिसायची शक्यता असते. शक्यता म्हणतोय, खात्री नाही. या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही, डोळे बाजूला असतात आणि अंग जड, त्यामुळं विजेच्या तारांवर आपटून मरतो, आणि वर सांगितलेल्या त्या पवनचक्क्या नि सोलरच्या तारा नेमक्या त्याच्याच रानातून गेल्यात. यावरून सुप्रीम कोर्टापर्यंत केस गेलीय.

एक पूर्ण दिवस हाताशी असेल तर तनोट आणि लोंगेवाला. जैसलमेरहून रामगढमार्गे तनोट 120 किलोमीटर, तिथून लोंगेवाला साधारण 40, आणि मग परत, म्हणजे दिवसभराची टॅक्सी लागतेच, इथं काटकसर करून उपयोग नाही. तनोट मातेच्या देवळात 1965 च्या युद्धात पडून न फुटलेले बॉम्ब काचेत ठेवलेत आणि पूजाअर्चा बीएसएफचे जवान बघतात. लोंगेवालाला डिसेंबर 1971 मधे आपल्या सव्वाशेच्या आत-बाहेर जवानांनी रात्रभर पाकिस्तानी रणगाड्यांना थोपवून धरलं आणि उजाडल्यावर जैसलमेरच्या तळावरून हंटर विमानं आली, ते पकडलेले रणगाडे तिथंच उभे आहेत. तनोटपर्यंत भारतीय माणसाला वेगळी परवानगी लागत नाही, त्याच्या पुढं सीमेच्या खांबापर्यंत जायचं तर पास लागतो. प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र बरोबर ठेवा, झेरॉक्स चालत नाही असं चौकीवर कुणी म्हटलं तर वाद घालायची ती जागा नाही. पेट्रोल जैसलमेरलाच भरून घ्या, मोबाइलची रेंज रामगढनंतर येते-जाते, आणि फोनवर पैसे पाठवू म्हणून रोकड न घेता जाल तर चहालाही मुकाल. हा सीमेचा जिल्हा आहे, मे 2025 मधे तणाव वाढला तेव्हा विमानतळ बंद, गाड्या रद्द, गावात ब्लॅकआउट असं सगळं झालं होतं, त्यामुळं निघायच्या आठवड्यात बातम्या बघायच्या आणि रद्द करता येणारी बुकिंगच घ्यायची.

खाण्याचं दोन वाक्यांत, दाल बाटी चुरमा आणि केर सांगरी खा, तिखट आपल्या मानानं कमीच लागेल, मिठाईत घोटुआं लाडू घ्या. किल्ल्याच्या दाराजवळ सरकारमान्य भांगेचं दुकान आहे, थंडाई-लस्सी म्हणून घरातलं कुणी उत्साही पोरगं काय मागवतंय तिकडं लक्ष असू द्या, समच्या टेंटमधे रात्री डॉक्टर मिळत नाही.

एकूण हिशेब मांडला तर सोलापूर सोडल्यापासून परत येईपर्यंत सात-आठ दिवस धरा, त्यातले जैसलमेरचे तीन, जोधपूरचा एक, बाकी रेल्वे. परतीचं तिकीट जातानाच्या तिकिटाबरोबरच काढा, आणि तनोटचा दिवस परतीच्या गाडीच्या दिवशी अजिबात ठेवू नका, वाटेत गाडी पंक्चर झाली आणि फोनला रेंज नसली की जोधपूरची रात्रीची गाडी गेलीच समजा. जोधपूर-हडपसर गाडीनं येणार असाल तर पुण्यात उतरून सोलापूरची पुढची गाडी पकडायला भरपूर वेळ ठेवा, किंवा सरळ गाडीतळावर येऊन सोलापूरची एसटी धरा, ती कुठल्याही वेळी मिळते.